डावीकडची सीट

आमची इंग्लंडची सहल आता पक्की झाली आहे. क्रूझ, त्याआधीची चार दिवसांची खेड्यापाड्यांतली भटकंती, मुक्कामाची घरं, भाड्याची गाडी, सगळं. आणि आता सांगायला हरकत नाही की मधले दोन-अडीच महिने या सहलीचं नाव काढलं तरी मी घाबरायची. भीती इंग्लंडची नव्हती. इंग्लंडने मला काय घाबरवायचं! भीती होती ती नवऱ्याच्या मानेची.

हे मरीन इंजिनिअर. जन्म गेला जहाजांच्या इंजिनरूममध्ये, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. सिंगापूरच्या बंदरातून जहाजावर चढायचे आणि पाच-सहा महिन्यांनी परत बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये उतरायचे. पाइपांखालून वाकून वाकून ह्यांची मान कधी धरली ते कुणाला कळलं नाही. आता ती वळतच नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर खांद्यापासून अख्खे वळतात. विचारलं की म्हणतात, "जरा आखडलीय." हे "जरा" गेली कित्येक वर्षं चालू आहे.

रिटायर झाले तेव्हा सिंगापुरातच पुंगोलला राहणाऱ्या मुलीने आणि जावयाने आम्हाला क्रूझ भेट दिली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून निघायचं, नॉर्वेचे डोंगर बघायचे आणि परत यायचं. "जन्मभर पगार घेऊन जहाजावर गेलो, आता पैसे भरून जायचं?" असं म्हणून हे खूप हसले, पण दुसऱ्या दिवशी कपाटातून चांगले शर्ट काढून बघत होते. तिथवर ठीक होतं. मलाच कुठून बुद्धी झाली कोण जाणे! मी म्हटलं, एवढ्या लांब जातोच आहोत तर आधी चार दिवस तिथली खेडी बघू. मुलगी शाळेत आणि नवरा समुद्रावर असायचा त्या वर्षांत मी लायब्ररीतून इंग्रजी रहस्यकथा आणून वाचायची. त्यांत खून कमी आणि चहा जास्त असायचा. गवताची छपरं, दगडी कुंपणं, चर्चमागची पायवाट, हे सगळं एकदा डोळ्यांनी बघावं असं फार मनात होतं. झालं, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. कारण त्या खेड्यांत ट्रेन जात नाही आणि बस आली तर आली. गाडीच लागते.

"त्यात काय," हे म्हणाले, "तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. मी आहे ना."

मला गेल्या दिवाळीची दुपार आठवली.

फराळ करून, जेवून आम्ही मुलीकडे पुंगोलला सुस्तावलो होतो. सगळ्यांनी खाडीकाठी फिरायला जायचं ठरलं, आणि ह्यांनी हौसेने जावयाच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. आमची गाडी आम्ही केव्हाच देऊन टाकली होती; सिंगापुरात गाडी ठेवणं म्हणजे दारी हत्ती बांधणं. त्यामुळे चालवायची संधी मिळाली की ह्यांना आनंद व्हायचा. कार पार्कमध्ये हे गाडी मागे घेत होते. आधी प्लास्टिक तडकल्याचा आवाज आला, मग मुलीची किंकाळी. चाकाखाली नातीची गुलाबी स्कूटर होती. नात माझ्याजवळ होती, तिच्या बुटाचा पट्टा लावायला मी तिला लिफ्टपाशी थांबवलं होतं. नाहीतर ती स्कूटरजवळच असती.

सगळे एकदम बोलायला लागले. स्कूटर तिथे ठेवलीच कशाला, कोपऱ्यात अंधारच किती, गाडीचा तो पीं पीं वाजणारा सेन्सर वाजलाच कसा नाही. सेन्सर वाजला होता. चार वर्षांची नात मात्र ह्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटून अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आजोबा." ह्यांनी त्याच संध्याकाळी नवी स्कूटर आणली, घंटी असलेली. पण त्यानंतर कधी किल्ली मागितली नाही, आणि आमच्यापैकी कुणी तो विषय काढला नाही.

आणि आता हे परक्या मुलखात गाडी चालवायला निघाले होते! मुलीचा मला रोज फोन. "आई, प्लीज तू सांग ना त्यांना. मी सांगितलं तर ही विल बी सो हर्ट."

"आणि मी सांगितलं तर काय हार घालतील?"

"मग ट्रेनची काहीतरी टूर घ्या."

"तू सांग."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, यावर आमचं फोनचं बिल नसलं तरी बरंच आयुष्य खर्ची पडलं. दोघींनाही माणूस जपायचा होता आणि त्याचा मानही जपायचा होता. या दोन गोष्टी एकाच वेळी जपणं किती अवघड, ते रिटायर झालेल्या चीफ इंजिनिअरच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

इकडे ह्यांनी डायनिंग टेबल ताब्यात घेतलं. जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायचं तर ब्रिजवरून जहाज हाकणारे अधिकारी आधी पॅसेज प्लॅन करतात. कुठे वळायचं, उथळ पाणी कुठे, काही बिघडलं तर आसरा कुठे, सगळं आधी ठरवून ठेवायचं. हे काम त्या डेकवाल्यांचं. इंजिनवाल्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट आमच्या घरात डेकवाल्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवलेली. आणि आता हे स्वतःच मोठा नकाशा पसरून साउदम्प्टन ते डॉर्सेट, डॉर्सेट ते कॉट्सवोल्ड्स असा पॅसेज प्लॅन करत बसले होते. घरात तिघांची दोघंच उरलो तरी टेबल पुरेना, म्हणून मी ताट घेऊन सोफ्यावर जेवायची.

फोनवर तिथल्या रस्त्यांचे व्हिडिओ लावायचे. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपांची कुंपणं, मध्ये एकच गाडी जाईल एवढी गल्ली. समोरून दुसरी गाडी आली की कुणीतरी एकाने थोडं रुंद ठिकाण सापडेपर्यंत मागे मागे जायचं. मी चहा घेऊन मागे उभी राहून बघायची आणि चहा गार व्हायचा. नकाशावर हिरव्या पेनने खुणा वाढत होत्या.

"ह्या कसल्या?" मी एकदा विचारलं.

"गाडी थांबवता येईल अशा जागा."

"अहो, सहलीला चाललोय की बसचे थांबे टाकायला?"

एरवी अशा चेष्टेला हे सवाई उत्तर देतात. त्या दिवशी नुसतं "असू देत" म्हणाले.

आता तुम्ही विचाराल की बाई, तुला गाडी येत नाही का? येते. चांगली येते. मुलीला शाळेत, पोहायला, दवाखान्यात मीच नेत होते. पण आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. हे रजेवर आले की विमानतळावरून निघतानाच किल्ली ह्यांच्या हातात जायची आणि मी डावीकडच्या सीटवर सरकायची. कुणी सांगितलं नव्हतं. समुद्रावर सहा महिने काढून आलेल्या माणसाला आपल्यावाचून घरात काही अडत नाही असं वाटू नये, एवढाच हेतू. खलाशांच्या बायका हे सगळ्याच करतात. बँकेचं काम येत असून विचारतात, गळका नळ रजेपर्यंत राखून ठेवतात. मीही सहा महिने सगळा कारभार हाकायची आणि रजा सुरू झाली की "डावीकडे वळायचं का हो?" असं आमच्याच रस्त्यावर विचारायची. त्यामुळे मी उजवीकडे बसलेली ह्यांनी फारशी पाहिलीच नव्हती. "मी चालवू का?" असं मी इंग्लंडबद्दल एकदा म्हणून पाहिलं, तर "तू आराम कर गं," एवढ्यावर विषय संपला.

मग एका रविवारी ह्यांनी जाहीर केलं, "सी ट्रायल घेऊ." दुरुस्तीनंतर जहाज आधी नुसतंच समुद्रावर नेऊन चालवून बघतात, त्याला सी ट्रायल म्हणतात. तासावर मिळणारी एक छोटी गाडी ह्यांनी घेतली आणि आम्ही लिम चू कांगला गेलो. सिंगापुरात खेडं म्हणावं असं जे काही उरलंय ते तिथेच, भाज्यांचे मळे आणि अरुंद रस्ते. मी डाव्या सीटवर मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते. पण खरं सांगते, पुढे जाताना माणूस एकदम व्यवस्थित होता. वेग बेताचा, हात शांत. मला वाटायला लागलं की आपण उगाच पराचा कावळा केला.

मळ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत समोरून भाजीची लॉरी आली. दोन्ही बाजूंना उंच गवत आणि चर. लॉरीला मागे जायला जागा नव्हती. आत बसलेल्या वयस्क अंकलने हातानेच खूण केली, तुम्ही मागे घ्या.

ह्यांनी रिव्हर्स टाकला. खांदा वळवला. मग मान वळवायचा प्रयत्न केला आणि चेहरा असा आवळला की मला बघवेना. आरशात पाहिलं, पुन्हा वळायचा प्रयत्न केला. गाडीच्या पडद्यावर मागचा रस्ता दिसत होता, पण त्यावर ह्यांचा विश्वास नाही. दिवाळीत जावयाच्या गाडीतही तो पडदा होताच. पाय ब्रेकवर आणि कानशिलावर घाम. लॉरीवाला बिचारा वाट बघत होता, हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्याने. ह्यांनी इंजिन बंद केलं.

"मागे कोणी आहे का गं?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"नाही हो, कोणी नाही. रस्ता रिकामा आहे."

"मला दिसत नाही." त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढले. "स्कूटर दिसली नव्हती. नात तिथे उभी असती तर तीही दिसली नसती. दिवाळीपासून रोज तेच डोळ्यांसमोर येतं. तुम्ही कोणी काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मला रडू आलं आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. एवढे महिने आम्ही दोघी ज्यांच्यापासून ती भीती लपवत होतो, ते तीच भीती घेऊन एकटे टेबलापाशी बसत होते. हिरव्या खुणा त्यासाठीच होत्या, मागे जायची वेळच येऊ नये म्हणून.

"मग मी चालवते," मी म्हटलं. "इथेही आणि तिथेही."

हे दार उघडून खाली उतरले. मी पलीकडून येऊन बसले, सीट पुढे घेतली, आरसे माझ्या उंचीला लावले. हे मात्र डावीकडे जाऊन बसेनात. उन्हात, दारापाशी तसेच उभे.

"बसा ना आत! लॉरीवाला थांबलाय."

"तू घेतली म्हण आधी."

मला कळलं. आम्हा बायकांना जहाजावरचा एक शब्द नवऱ्याच्या नावाइतका पाठ असतो, तो म्हणजे रिलीव्हर. जागेवर येणारा माणूस. तो पोचला की आपला माणूस घरी येणार. त्याचं विमान चुकलं, त्याच्या घरी आजारपण निघालं, की आमचे गणपती, वाढदिवस, सगळं पुढे. आणि रिलीव्हर नुसता येऊन भागत नाही. तो सगळं तपासून बघतो आणि "घेतलं" म्हणतो, तोवर आधीच्याला जागा सोडता येत नाही. त्या माणसाच्या वाटेकडे मी अर्धं आयुष्य डोळे लावून बसले होते. तो मीच असेन असं कधी वाटलं नव्हतं.

"घेतली," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली, म्हणजे जेवढी डोलते तेवढी, आणि डावीकडे येऊन बसले. मी वळून मागे बघत गाडी सरळ रेषेत मागे घेतली, अगदी रस्ता रुंद होतो तिथपर्यंत. लॉरी जाताना अंकलने अंगठा दाखवला. हे म्हणाले, "एवढी चांगली कधीपासून चालवतेस?"

"तुम्ही समुद्रावर असायचात तेव्हापासून," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

तिथूनच ह्यांनी मुलीला फोन लावला. "इंग्लंडात तुझी आई चालवणार. मी नकाशा धरणार. चीफचं प्रमोशन झालंय, डेकवर घेतलंय मला." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नंतर नात फोनवर आली आणि तिने आजीला बीप बीप करायला सांगितलं. मी हॉर्न वाजवला.

परतीच्या वाटेवर बोलता बोलता हे गप्प झाले. पाहिलं तर झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. इतक्या वर्षांत हे गाडीत कधी झोपले नव्हते. इंजिनवाल्या माणसाला इंजिनाच्या आवाजात गाढ झोप लागते, पण आवाज थांबला की तो ताडकन उठतो. जहाजावर शांतता म्हणजे संकट. रजेवर असताना दुपारी नुसता फ्रिज बंद पडला तरी हे उठून बसायचे आणि कुठे कुठे हात लावून बघायचे.

बुकित बातोकच्या अलीकडे सिग्नल लागला. हल्लीच्या गाड्यांचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, तसं झालं. हे दचकून जागे झाले. "काय झालं? काय बंद पडलं?"

"काही नाही हो, सिग्नल आहे," मी म्हटलं. "झोपा. मी आहे ना."

त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, मग लाल दिव्याकडे. आणि गाडीत अजून कसलाच आवाज नव्हता, तरी डोळे मिटून घेतले.