विहिरीत सापडलेली पाटली

“तिथंच ठेव. हातात देऊ नको.”

मालकीणबाई ओसरीवरून बोलल्या. म्या सोन्याची पाटली खाली पायरीवर ठेवली. त्यांनी गड्याकडून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतवलं, मगच उचलून घेतली. तांब्याभर! त्या दुष्काळात माझी माय पहाटपासून टँकरच्या रांगेत हुभी व्हती. मला शिसारी आली.

गावची विहीर आटली व्हती. एरवी आम्हा मांगांना तिच्या काठावर येऊ देत नव्हते. आटली तशी गाळ काढायला आम्हालाच आत उतरवलं. चिखलाला इटाळ न्हाई जणू! त्याच गाळात पाटली हाताला लागली. बाईंची पाटली विहीर पुजताना पडली, हे साऱ्या गावाला ठाऊक. ठेवून घ्यायचं मनातबी आलं न्हाई. ज्याची चीज त्याला द्यावी, एवढं कळतंय आम्हाला. तशीच चिखलाच्या पायानं त्यांच्या दारात गेले.

“दुसरी कुठाय?” बाईंनी इचारलं.

“एकच घावली.”

“पाटल्या जोडीनं असतात गं. दुसरीही तेव्हापासून सापडत नाही. ओटी झाड.”

चार बायांसमोर म्या ओटी झाडली. चिखलाचे दोन खडे पडले. बाईंचं समाधान झालं न्हाई.

“लुगडं सोडून दाखव.”

तिथं माझं डोस्कं फिरलं. त्यांनी पाटली शेजारी ठेवली व्हती. ओसरीवर चढले आन झडप घालून उचलली. बाई किंचाळल्या, “अगं, शिवलीस!”

“हाव, शिवले. आता ही पोलीस पाटलाकडं जमा करते. तुम्ही तिथं या. पंचांसमोर चोर ठरवा. न्हाई जमलं तर लातूरला नवा कलेक्टर बसलाय, त्याच्या टेबलावर ठेवते.”

पोलीस पाटलानं कागद केला. एक पाटली, हिनं सोताहून आणून दिली. म्होरं माझं नाव. म्या त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग अंगठा दिला. बाईंनी सही करून पाटली नेली.

आठ दिसांनी दुसरी त्यांच्याच संदुकीत निघाली. गड्यानं सांगितलं. बाई हसल्या म्हणे, “अगं बया, हितंच व्हती की!” हसल्या! लुगडं माझं सुटणार व्हतं, आन ह्यांना हसू आलं.

गावात मला इमानदार म्हणाय लागले. थू त्या शाबासकीवर. लेकीला म्या एवढंच सांगितलंय. घावलं ते परत दे, पण चौघांसमोर दे, कागदावर नाव लिहून घे. आन कुणी झडतीला लुगड्याला हात घातला, तर त्यो हात मोड.