गाडीचा जोर कुठे गेला

प्रमोदिनीबाई चांदोरकरांची गाडी चढावर दमायला लागली, तेव्हा त्यांनी दोष आधी स्वतःलाच दिला. वय झालं, गुडघा दुखरा, पाय पुरता दाबला जात नसेल. पुढच्या खेपेला त्यांनी पातळ तळव्याचे बूट घातले आणि पेडल तळाला टेकेपर्यंत दाबून पाहिलं. गाडीने मोठा श्वास घेतल्यासारखं केलं, थोडी पुढे सरसावली, आणि मग कोणी मागून हलकेच पदर धरावा तशी अडून राहिली.

ब्राउनश्वाइगमध्ये त्यांना चाळीस वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याच्या, पंढरीनाथांच्या, मागोमाग त्या इथे आल्या. पंढरीनाथ मोटारींच्या कारखान्यात होते. हल्ली इंजिनालाही मेंदू असतो. पेडल किती दाबलं म्हणजे गाडीने किती जोर द्यायचा, ते आकडे त्या मेंदूत भरायचे, हे त्यांचं काम. प्रमोदिनीबाई एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागल्या आणि निवृत्त झाल्या तेव्हा तिथल्या मुख्य होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. लेखी परीक्षेत दोनदा नापास झाल्या, कारण प्रश्नांतलं जर्मन त्यांना झेपेना. तिसऱ्यांदा पास झाल्या. घर, आडनाव, या देशात राहायचा हक्क, सगळं नवऱ्याच्या मागून आलं होतं. हे लायसन्स तेवढं त्यांचं स्वतःचं होतं.

पंढरीनाथ जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून एक शनिवार सोडून एक, त्या आपल्या करड्या डिझेल गाडीने हॅम्बर्गला मुलीकडे, नैनाकडे जात. मागच्या सीटवर डबे, पुढे त्या. दोन-अडीच तास कोणी काही विचारत नाही, कोणाला काही सांगावं लागत नाही. पंधरवड्यातला तेवढाच वेळ त्यांना अगदी आपला वाटे.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी धुकं होतं. ऑटोबानला मिळणाऱ्या रस्त्यावर त्यांनी वेग घेतला, म्हणजे घ्यायला गेल्या. काटा सत्तरच्या पुढे हलेना. मिळायची पट्टी संपत आली होती. आरशात धुक्यातून दोन दिवे मोठे मोठे होत आले, आणि एका ट्रकचा भोंगा इतक्या जवळून वाजला की डब्यांची झाकणं थरथरली. ट्रकवाल्याने कसंबसं बाजूला घेतलं. प्रमोदिनीबाईंचे हात पुढे हॅम्बर्गपर्यंत गार होते.

हे नैनाला सांगितलं आणि तिथेच चुकलं.

"आई, निम डोख डेन त्सुग," नैना म्हणाली. ट्रेनने ये. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमधून येई. "गाडी विकून टाक. किती दिवस चालवणार आहेस?"

"माझं काय चुकलं गं? गाडी ओढत नाही."

"हो, हो. गाडीच ओढत नाही," नैना म्हणाली. हे मात्र तिने मराठीत म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

त्यांच्या वरच्या मजल्यावर सिद्धेश राहत असे. मूळचा सांगलीचा, पस्तिशीतला, पंढरीनाथांच्याच खात्यात त्यांच्या हाताखाली तयार झालेला. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या गॅरेजमध्ये तो मित्रांच्या गाड्यांची चिपट्युनिंग करून देई, म्हणजे इंजिनाच्या मेंदूतले आकडे बदलून जोर वाढवणं.

"काकू, तुमच्या इंजिनात चाळीस पीएस, चाळीस घोडे, नुसते झोपलेत," तो म्हणाला. "एका दुपारचं काम. मग टीयूव्हीच्या तपासणीत कागदावर चढवून घ्यायचं, विम्यावाल्यांना कळवायचं, झालं. ट्रकवाल्याला तुमचं तोंडही दिसणार नाही."

"या वयात शर्यत लावायची आहे का मला?"

"लावा की. पाठीमागे स्टिकर लावू, 'सांभाळा, प्रमोदिनीकाकू येत आहेत.'"

त्या हसल्या, पण लगेच हो म्हणाल्या नाहीत. पंढरीनाथांनी ती गाडी स्वतः जुळवली होती. आजारी असताना, शेवटच्या उन्हाळ्यात, 'थोडं सॉफ्टवेअर बघतो' म्हणून ते दोन दिवस तिच्यात बसून होते. बाहेर ऊन होतं आणि ते अंगावर शाल घेऊन मांडीवर लॅपटॉप धरून बसलेले. त्यांनी केलेलं बदलायचं म्हणजे त्यांचा शेवटचा हात पुसायचा. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "आधी नुसतं बघ. हात लावू नकोस."

गॅरेजमध्ये ट्यूबलाइट होती, बाहेर धुकं दाराला टेकलेलं. सिद्धेशने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि स्क्रीनवर आकडे उतरायला लागले. तो शीळ घालत होता. मग शीळ थांबली.

"आल्झो…" तो म्हणाला. जर्मन माणूस 'हं, तर' म्हणतो तसं.

"काय रे? बिघाड आहे?"

"बिघाड नाही काकू. काम फार स्वच्छ आहे. सरांचंच आहे, प्रत्येक बदलापुढे ते आपली दोन अक्षरं टाकायचे, तशी आहेत." त्याने खुर्ची मागे सरकवली. "मी जोर वाढवायला बसलो होतो. इथे तर आहे तोच कमी केलेला आहे. कंपनीने दिला त्याच्या निम्म्यावर आलीय गाडी."

"यांनी कमी केला?"

"एकदम नाही. गाडी जसजशी धावेल तसतसा. काही हजार किलोमीटर झाले की थोडा उतरतो. तुम्हाला कळू नये इतका." त्याने बोट स्क्रीनवर खाली खाली नेलं. शेवटच्या ओळीशी ते थांबलं. "आणि इथे एकदम शून्य आहे."

"शून्य म्हणजे भर ऑटोबानवर बंद पडेल?"

"नाही. तेही बघितलंय त्यांनी. इंजिन चालूच राहील. चालायच्या वेगाने घरापर्यंत येता येईल. पण पुन्हा कुठे जाता येणार नाही." त्याने किलोमीटरचा आकडा पाहिला, मनात हिशेब केला. "हॅम्बर्गच्या अजून चार-पाच खेपा, काकू. मग संपलं."

प्रमोदिनीबाई गाडीकडे वळल्या. गाडीच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं. त्यांना एकदम वाटलं की ते आतून कोणाच्या तरी श्वासाने धरलंय.

नोव्हेंबरात इथे चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. घरी आल्यावर त्यांनी दिवे लावले आणि शिवणाच्या खोलीत बसल्या. खोली नेहमीसारखी गार होती. त्या खोलीचा हीटर कायम असाच, तीनच्या पुढे त्याचं बटण फिरत नसे. इतकी वर्षं त्यांना वाटे की तो जुनाट आहे. आज त्या गुडघ्यावर बसल्या आणि टॉर्च मारला. बटणाच्या आत एक बारीक पिन बसवलेली होती, मुद्दाम, नीट. त्या उठून पंढरीनाथांच्या खोलीत गेल्या. तिथलं बटण पाचपर्यंत सरळ फिरलं.

मग त्यांनी शिलाई मशीनचं पेडल उलटं केलं. खाली लाकडाची पाचर चिकटवलेली. कडा घासून गोल केलेल्या, वर पॉलिश. मशीन हळू चालतं म्हणून त्या वर्षानुवर्षं तेल घालत आल्या होत्या.

प्रत्येकाला कारण होतं, हेच वाईट. नैनाच्या वेळी दिवस असताना त्यांना उष्ण खोलीत चक्कर आली होती, तो हीटर. एकदा सुई बोटातून आरपार गेली होती, ते मशीन. पंढरीनाथ कधी 'नको' म्हणाले नाहीत. आवाज चढवला नाही, हात धरला नाही. फक्त त्यांना ज्याची भीती वाटे, ते हळूहळू आपोआप होईनासं होई. प्रमोदिनीबाईंनी मग चहा ठेवला आणि शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या. आच एवढीच असते की एवढीच ठेवलेली आहे, हे त्यांना कळेना. पाणी उकळायला फार वेळ लागला. की नेहमीएवढाच लागला?

दुसऱ्या दिवशी राग यायला हवा होता. आली ती भीती. पंढरीनाथ उगाच काही करणारे नव्हते. हीटरला कारण होतं, मशीनला होतं, मग गाडीलाही असणार. त्यांना माझ्यात काय दिसलं होतं? त्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणताना गाडी प्रमोदिनीबाई चालवत होत्या आणि एका चौकात पंढरीनाथांनी डोळे मिटून घेतले होते, एवढं त्यांना आठवत होतं. सिग्नल कोणता होता, ते आठवेना. आठवायला गेलं की कधी हिरवा दिसे, कधी लाल. आणि दोन्ही वेळा बाजूला ते डोळे मिटून बसलेले.

गाडी न चालवता दोन आठवडे गेले. ते काही खरं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. अशाने शून्य येण्याआधीच शून्य यायचं.

म्हणून त्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. मग जिथे शिकल्या होत्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन म्हणाल्या, मला माणूस द्या, माझी चूक शोधणारा. एक तरुण बाई शेजारी बसली. स्कूलच्या गाडीतून त्यांनी अख्खं गाव पालथं घातलं, ट्रामच्या रुळांवरून, शाळा सुटत असताना, शेवटी ऑटोबान. त्या गाडीत जोर होता, पाय ठेवला की निघे, आणि पहिल्यांदा तर त्या घाबरून "अगंबाई!" म्हणाल्या.

"चूक अशी काही नाही," बाई परतताना म्हणाली. "डोळे जागेवर, डोकं जागेवर. पण तुम्ही पेडल दाबायच्या आधी दर वेळी शेजारी बघता. का? इथे मी बसले आहे म्हणून?"

"नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नैनाला फोन केला आणि सगळं सांगितलं, हीटरपासून. पलीकडून नैना म्हणाली, "माझी लाल सायकल आठवते? तिचा वरचा गिअर कधी पडायचाच नाही. पापा म्हणायचे, बघतो, बघतो." ती थोडं हसली, मग हसू मध्येच राहिलं. "पूर्ण शाळा मी सगळ्यांच्या मागे राहिले, आई. मला वाटायचं, माझे पायच तसे आहेत."

"प्रेम होतं गं त्यांचं."

"हो. मला माहितीय." आणि मग, हळू, मराठीत, "काढून टाक ते."

शनिवारी सकाळी सिद्धेशने पुन्हा वायर जोडली. त्याचा हात की-बोर्डवर नुसताच राहिला.

"सरांचं काम पुसायला बोट उचलत नाही, काकू. तुम्ही दाबता?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू दाब. पाप लागलं तर माझ्या नावावर."

"आणि किती देऊ? कंपनीचा मूळ की वरचे चाळीसही? सांगा, दुकान उघडं आहे."

प्रमोदिनीबाईंनी विचार केला. इतकी वर्षं कोणी न विचारता कमी केलं होतं. आज कोणी विचारतंय म्हणून वाढवून घ्यायचं, हेही त्यांना पटेना. "गाडी घेतली तेव्हा होता तेवढा," त्या म्हणाल्या. "त्यात मला काय जमतं ते एकदा मला बघू दे."

स्क्रीनवर हिरवी पट्टी भरत गेली. भरताना गॅरेजमधली ट्यूबलाइट दोनदा फडफडली. सिद्धेश म्हणाला, चोक जुना झालाय. प्रमोदिनीबाई हो म्हणाल्या.

त्या तशाच निघाल्या. मिळायच्या रस्त्यावर आल्या, पेडल दाबलं, आणि पाठ सीटला टेकली. काटा सत्तर, नव्वद, शंभराच्या पुढे गेला आणि ट्रकांची रांग आरशात मागे मागे राहिली. त्यांना आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण हानोफर शहर मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारी कोणीतरी फार ताठ बसलेलं आहे. तिकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वेग वाढला की उजव्या बाजूने खोल, धरून ठेवलेला श्वास ऐकू येई. कमी केला की तो सुटे. दोनदा त्यांनी पाय उचलला. कोणासाठी उचलला, हे कळल्यावर तिसऱ्यांदा उचलला नाही. श्वास धरलेलाच राहिला, कितीतरी किलोमीटर.

लुनेबुर्गच्या माळाजवळ त्यांनी गाडी एका पार्किंगमध्ये घेतली. धुकं जमिनीलगत होतं, पाइनची झाडं कंबरेपासून वर दिसत होती. त्या खाली उतरल्या, पुढून वळसा घालून पलीकडे गेल्या आणि शेजारचं दार उघडलं. सीट रिकामी होती. दार धरून त्या उभ्या राहिल्या, वयस्क माणसाला उतरायला वेळ लागतो म्हणून थांबावं तशा.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला जमतंय. तुम्ही उतरा आता."

पलीकडच्या गाडीतल्या माणसाने थर्मास खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. वारा नव्हता. थोड्या वेळाने, जड माणूस उतरला की गाडी जशी किंचित वर येते, तशी ती त्या बाजूने किंचित वर आली.

प्रमोदिनीबाईंनी दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि मागे न बघता रस्त्याला लागल्या.