आक्कांचा बेंगळूरचा फोन

सरकारी गाडीच्या ड्रायव्हरला लोक गाडीचाच एक भाग समजतात. त्याच्यासमोर सगळं बोललं जातं, आणि मग किस्से साठत जातात. बेळगावात मी किती तरी साहेबांच्या गाड्या चालवल्या, पण सांगावंसं वाटतं ते आक्कांचंच. निपाणीच्या शाळेतल्या बाई, निवडून येऊन थेट अध्यक्ष झाल्या. कुठल्या सभागृहाच्या ते विचारू नका, माझी नोकरी आहे.

*

पहिल्याच आठवड्यात कोगनोळीला सत्कार होता. गाडी थांबली, हलगी कडाडली आणि हार पडला माझ्या गळ्यात! बाई निवडून आली की कारभार नवरा बघतो, त्यामुळे पुढच्या सीटवरच्या पुरुषाला हार घालायची लोकांना सवय.

"अवो, मी ड्रायव्हर हाय," मी म्हटलं.

"मग साहेब कुठं हाईत?"

मागच्या सीटवरून आक्का म्हणाल्या, "साहेब वारले. मी आले तर चालंल काय?"

हलगी बंद पडली.

*

ऑफिसातले सगळे निर्णय मीटिंगच्या आधी समोरच्या चहाच्या टपरीवर व्हायचे. तिथं सगळे पुरुष. आक्कांकडे नुसती सहीला फाइल यायची. एक दिवस आक्का सरळ जाऊन त्या बाकावर बसल्या. सगळे अदबीनं उठले आणि एकेक करून सटकले. आक्कांनी एकटीनं सावकाश चहा संपवला.

गाडीत बसताना म्हणाल्या, "चहा लई झ्याक हाय रं, मारुती. सोबत न्हाय तेवढी."

दुसऱ्या दिवसापासून ती सगळी मंडळी चहाला पार उद्यमबागेत जायला लागली!

*

महिला दिनाला कॉलेजात भाषण होतं. जगात कुठकुठल्या देशांत बायका पंतप्रधान झाल्या, राष्ट्राध्यक्ष झाल्या, ते आक्का गाडीत मोठ्यानं वाचून बघत होत्या. मध्येच थांबल्या.

"मारुती, ह्या बायका दुपारी कुणासंगं जेवत असतील रं?"

"मोठमोठी माणसं येत असतील की त्यांच्याकडं."

"व्हय. माझ्याकडंबी येत्यात. जेवून येत्यात."

मी गिअर बदलला.

*

संक्रांतीनंतर गावोगावी महिला मेळावे असतात. उद्घाटन आक्कांच्या हस्ते आणि शेवटी हळदीकुंकू. विधवेनं समई लावलेली चालते, कुंकवाचं ताट मात्र तिला चुकवून पुढं जातं. त्या वेळी आक्काही अवघडायच्या आणि बायकाही. म्हणून आमचं ठरलं होतं. ताट बाहेर आलं की मी आत जाऊन म्हणायचं, "आक्का, बेंगळूरचा फोन." फोन कुणाचाच नसायचा. आक्का गाडीत येऊन काचा वर करून बसायच्या. आतल्या बायकांचं हसणं तरीही ऐकू यायचं. आरशात बघायचा मला धीर होत नसे.

यंदा मेळावा निपाणीत होता, आक्कांच्या स्वतःच्या गावात. ताट घेऊन उठली ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. एकेकीला कुंकू लावत ती आक्कांच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आली, तसा मी फोन घेऊन घाईघाईनं आत गेलो.

"आक्का, बेंगळूरचा फोन."

आक्का खुर्चीतून हलल्या नाहीत.

"त्यास्नी सांग," त्या म्हणाल्या, "आक्का हळदीकुंकवात हाईत."

पोरगी ताट घेऊन त्यांच्यासमोर थांबली होती. मी बंद फोन कानाला लावला आणि तसं सांगितलं.