दसऱ्याचे सहा बार

तिसऱ्या घरातली पावडर काढून तराजूवर ठेवली आणि आकडा आला अकरा ग्रेन. आधीच्या दोन घरांतून सत्तावीस आणि एकोणीस निघाले होते. मी तराजू शून्यावर आणून पुन्हा मोजलं. अकराच.

माझं काम बॅलिस्टिक्सचं. दिल्लीतल्या एका सरकारी लॅबमध्ये बसून गोळी कुठल्या हत्यारातून सुटली, किती लांबून सुटली, हे कोर्टाला कळवायचं. बहुतेक दिवस देशी कट्ट्यांत जातात. ते काम लवकर उरकतं आणि मनात राहत नाही. हे रिव्हॉल्वर मात्र राहिलं. डिसेंबरअखेर ते माझ्या टेबलावर आलं तेव्हा बाहेर इतकं धुकं होतं की समोरची बिल्डिंग दुपारी बारापर्यंत नसायचीच. त्या दिवसांतलं सगळंच मला अजून थोडं पुसट आठवतं, आकडे सोडून.

हे कॅप अँड बॉल जातीचं रिव्हॉल्वर होतं, म्हणजे काडतुसाच्या आधीच्या काळातलं. त्याच्या सिलिंडरला सहा घरं असतात. प्रत्येक घरात समोरून काळी पावडर ओतायची, तिच्यावर शिशाची गोल गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी कॅप लावायची. घोडा कॅपवर आपटला की ठिणगी पावडरीत जाते आणि बार उडतो. गोळीवरून तोंडाशी ग्रीसचा जाड थर द्यायचा असतो. एका घरातला जाळ शेजारच्या घरात शिरू नये, हे त्याचं मुख्य काम. जाळ शिरला तर चाप एकदाच ओढूनही दोन-तीन बार एकदम उडतात. त्याला चेन फायर म्हणतात. पावडर मोजायचं एकक ग्रेन. पंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम.

माझ्या रिव्हॉल्वरची सहापैकी तीन घरं, शेजारशेजारची, उडालेली होती. तीन भरलेली होती.

प्रकरण असं होतं. गुरुग्रामच्या एका उंच टॉवरमध्ये राहणारे विक्रमराव, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, स्वतःला सरदार घराण्यातले म्हणवतात. दर दसऱ्याला त्यांच्या फार्महाउसवर शस्त्रपूजा होते आणि या रिव्हॉल्वरचा एक बार मातीच्या ढिगावर उडवला जातो. यंदा तीन उडाले. एक गोळी ढिगात गेली, दुसरी शेजारच्या लाकडी खांबात. तिसरी ढिगाच्या बाजूला शंख घेऊन उभ्या असलेल्या पुतण्याच्या मांडीत. रिव्हॉल्वर होतं दलबीरच्या हातात. दलबीर त्यांचा वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर, रोहतककडचा.

विक्रमरावांचा जबाब असा की दलबीरने रिव्हॉल्वर स्वतःहून उचललं आणि सकाळी त्याच्यावर रागावलेल्या पुतण्यावर तीन वेळा झाडलं. दलबीर म्हणत होता, साहेबांनीच उडवायला सांगितलं, मी एकदाच दाबलं. या रिव्हॉल्वरचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तीन वेळा झाडलं म्हणजे तीन वेळा विचार केला, असं सरकारी वकील म्हणणार होते. दलबीर दसऱ्यापासून तुरुंगात होता.

आणखी एक गोष्ट फाइलमध्ये होती. विक्रमरावांचा परवाना हत्यार जवळ ठेवण्यापुरता होता, उडवण्याचा नव्हता.

घोडा कुठल्या कॅपवर पडला हे बघितलं असतं तर प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. पण पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी सेफ्टी म्हणून सगळ्या कॅप काढून टाकल्या होत्या. चेन फायरमध्ये बाजूच्या घरांतून उडालेल्या, म्हणजे नळीतून न गेलेल्या गोळीवर नळीच्या आतले आटे उमटत नाहीत, तेही बघता आलं असतं. पण मांडीतली गोळी हाडावर आपटून पापडीसारखी चपटी झाली होती आणि खांबातली गोळी छिन्नीने काढली होती. उरलं एकच. तसंच रिव्हॉल्वर पुन्हा भरायचं, उडवायचं आणि बघायचं.

‘तसंच’ म्हणजे किती पावडर?

आमचे डायरेक्टर भाटियासाहेब यांना हा प्रश्नच वाटला नाही.

“किताब में क्या लिखा है?”

“पंचवीस ग्रेन, सर. पण आतून निघालेत अकरा, एकोणीस, सत्तावीस.”

“तो अ‍ॅव्हरेज निकालो. मॅडम, ये रिसर्च पेपर नहीं है.”

मी सहाही घरं पंचवीसने भरली. माझ्याकडे आलं तेव्हा न उडालेल्या तीन घरांत गोळीवर पिवळट, रवाळ थर होता आणि त्याला तुपाचा वास येत होता. मीही तूपच लावलं. पोलिसांनी जप्त केलेल्या डबीतल्याच गोळ्या घेतल्या. त्या जरा लहान होत्या. नीट मापाची गोळी घरात घट्ट बसते, दाबताना कडेचं शिसं सोलून निघतं. या बोटाने सुद्धा आत जात होत्या.

आमची टेस्ट रेंज म्हणजे एक लांब बोगदा. रिव्हॉल्वर स्टँडला आवळायचं, भिंतीआड जायचं आणि दोरी ओढायची. काळ्या पावडरीचा धूर पांढरा आणि दाट असतो. तो घाईने जात नाही. बार झाल्यावर बोगदाभर ढग तरंगत राहतो, गंधकाचा वास येतो, आणि त्या ढगात काय झालं हे कळायला दोन मिनिटं थांबावं लागतं. मी थांबले. एकच घर उडालं होतं.

आठ वेळा केलं. आठही वेळा एकच.

तेव्हा मी गुरुग्रामला गेले, सोबत तपास अधिकारी. टॉवर कमरेपर्यंत धुक्यात होता. लिफ्ट बत्तिसाव्या मजल्यावर उघडली तेव्हा खिडक्यांत लख्ख ऊन होतं आणि खाली शहर नव्हतं, नुसता कापूस. हॉलमध्ये वंशवृक्ष, दोन ढाली आणि रिव्हॉल्वरची रिकामी काचपेटी. पेटीवर पितळी पट्टी होती: ‘पानिपतच्या रणसंग्रामात वापरलेले’.

“दरवर्षी संक्रांतीला आम्ही पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जातो,” विक्रमराव म्हणाले. “तिथल्या मातीत आमचं रक्त आहे, मॅडम.”

रक्ताबद्दल मला माहिती नव्हती. रिव्हॉल्वरबद्दल होती. पानिपत झालं तेव्हा त्याला जन्माला यायला अजून जवळजवळ शंभर वर्षं होती. मी ते बोलले नाही. तपास अधिकाऱ्याने पट्टीचा फोटो मात्र काढून घेतला, का ते त्यालाच माहीत.

“बार कोण भरतं?” मी विचारलं.

“घराणं भरतं.”

“म्हणजे कोण?”

उत्तर त्यांच्या काकूंनी दिलं. ऐंशीच्या पुढच्या, खिडकीजवळ शाल पांघरून बसलेल्या. “सहा घरं, सहा माणसं. ज्याचं त्याने भरायचं. आधी मी, मग हा, मग सूनबाई, मग याचा पुतण्या, मग याचा मुलगा आणि शेवटी नातसून. वयाप्रमाणे गं. प्रसादासारखं.”

माप एकच होतं, चांदीचं, अत्तराच्या चमच्याएवढं. मी पिशवीतून खसखशीचा पुडा काढला. पावडर घरात खेळवायची वस्तू नव्हे. सहाही जणांना सांगितलं, दसऱ्याला भरता तसं या कागदावर ओता. पुतण्या काठी टेकत आला.

नातसुनेने अर्धं माप भरलं. तिला म्हणे त्या वस्तूची भीती वाटते. मुलाने फोनवर बोलत बोलत भरलं. पुतण्याने सपाट. विक्रमरावांनी शीग लावून भरलं आणि बोटाने दाबून वर आणखी घातलं. त्यांच्या बायकोने नवऱ्याकडे बघत तेवढंच. मग काकू. माप भरलं, सांडलं, पुन्हा भरलं, वर चिमूट टाकली.

“काकू, इतकं?”

“देवाच्या कामात हात आखडू नये.”

मी सहा पुड्या बांधल्या. पुतण्या, मुलगा, नातसून यांच्या पुड्या लॅबमध्ये मोजून पावडरीच्या हिशेबात धरल्या तेव्हा साधारण सत्तावीस, एकोणीस, अकराच भरल्या. म्हणजे न उडालेली घरं त्यांची. उडालेली तीन काकू, विक्रमराव आणि त्यांची बायको यांची. त्या तिन्ही पुड्या तेहेतीस ग्रेनच्या आसपास, म्हणजे घर काठोकाठ भरेल इतक्या होत्या.

यातला मुद्दा नीट सांगते. पावडर जास्त असली की गोळी घराच्या तोंडाशी येऊन बसते. मग तिच्यावर ग्रीसला जागा उरत नाही, नुसतं बोट फिरतं. पंचवीस ग्रेनवर तुपाचं जाड बूच बसतं. तेहेतीसवर पापुद्रा. माझ्या आधीच्या आठ टेस्ट वेगळ्याच रिव्हॉल्वरच्या होत्या म्हणायला हरकत नाही.

घराण्याच्या मापाने भरून पुन्हा दोरी ओढली. ढग आला, तरंगला, विरला. एकच घर.

चार वेळा तेच झालं. भाटियासाहेब रेंजवर आले. धुरातून आधी त्यांचा आवाज आला.

“मॅडम, आपने बारह बार कोशिश की. ड्राइव्हर झूठ भी बोल सकता है.”

“हो सर. बोलू शकतो.”

“सोमवार को रिपोर्ट दे दो.”

ते चुकत नव्हते. मी निर्दोष माणूस शोधत नव्हते, तेवढा पगार मला मिळत नाही. मी फक्त असं होऊ शकतं का हे शोधत होते, आणि बारा वेळा उत्तर आलं होतं, नाही.

रविवारी संक्रांत होती. आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवरा गुळपोळ्या लाटत होता, कारण माझ्या फाटतात. मुलगी दिल्लीत वाढलेली, ताट घेऊन बसली होती. तिने तुपाची बरणी उलटी धरली. काही पडेना.

“आई, घी तो पूरा जमा हुआ है.”

“थिजलंय,” नवरा म्हणाला. “गॅलरीत उन्हात ठेव. सकाळपासून कोण सांगतंय.”

तिने बरणी उन्हात ठेवली. धुक्यातून गाळून आलेलं ऊन, त्याला ऊब जेमतेमच. मी पोळी तशीच कोरडी खात बरणीकडे बघत बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काचेला लागलेली कड पिवळी, नितळ झाली आणि सबंध गोळा आतल्या आत हलकेच एका बाजूला कलंडला.

दसरा ऑक्टोबरात होता. मी तूप जानेवारीत लावत होते.

फाइल उघडायला सोमवारपर्यंत थांबावं लागलं. पूजेत रिव्हॉल्वर दोन तास चांदीच्या तबकात, हिरवळीवर, दुपारच्या उन्हात होतं. पंचनाम्यात एक ओळ होती जी मी तीनदा वाचून सोडून दिली होती: ‘तबकात तेलकट ओघळ.’ पूजेत तबक तेलकट असतंच, असं मला वाटलं होतं. रिपोर्ट थांबवून हवामान खात्याकडून त्या दिवसाचं तापमान मागवलं. चौतीस. उन्हातलं लोखंड त्याहून गरम.

घराण्याच्या मापाने घरं भरली, तूप लावलं, कॅप लावल्या नाहीत. रिव्हॉल्वर स्टीलच्या ताटात ठेवलं, नळी जरा खाली, आणि भोवती गरम पाण्याच्या पिशव्या, त्यांत थर्मामीटर. भाटियासाहेब डोकावले.

“इसको बुखार है?”

“हो सर. चौतीसच्या वर.”

तासाभरात ताटात ओघळ आला. मग स्टँडला आवळलं, कॅप लावल्या, भिंतीआड गेले आणि दोरी ओढली. आवाज वेगळा होता, फाटल्यासारखा. ढग नेहमीपेक्षा मोठा होता आणि मला तो नेहमीपेक्षा सावकाश वाटला. त्याच्या आड दलबीर होता किंवा नव्हता. दोन मिनिटं मी डोळे मिटून उभी राहिले. कुणी बघितलं असतं तर झोप लागली म्हणालं असतं.

तीन घरं उडाली होती. मधलं आणि दोन्ही बाजूंची. फक्त मधल्या कॅपवर घोड्याचा ठसा होता.

पाच वेळा केलं. दोनदा तीन उडाली, तीनदा एकच. भाटियासाहेबांनी आकडे बघितले. “पाच में से दो. हमेशा नहीं होता.”

“हमेशा कुणी विचारलंच नाहीये, सर. होऊ शकतं का एवढंच विचारलंय.”

त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, “गुरुग्राम वालों का फोन आएगा, मुझे ही आएगा,” आणि पेनाचं टोपण लावलं.

फोन आला असावा. त्यांनी मला सांगितलं नाही.

कोर्टात मी दीड तास उभी होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी काकूंनाही बोलावलं होतं. त्या व्हीलचेअरवर आल्या. दलबीरला उडवायला कुणी सांगितलं, हे त्यांनी विक्रमरावांकडे बोट दाखवून सांगितलं आणि मग न्यायाधीशांनाच विचारलं, पोराच्या मांडीतली गोळी माझ्या घरातली होती का. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. दोन बाजूंच्या दोन घरांपैकी कुठलं, हे सांगता येत नाही, असं मी म्हणाले. ते खरंही होतं.

दलबीर सुटला तेव्हा मार्च संपत आला होता. विक्रमरावांवर परवान्याची वेगळी केस सुरू झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात दलबीर मला भेटला. बारीक झाला होता. वकिलाने त्याला सगळं समजावलं होतं.

“मॅडम जी, एक बात पूछूं? ये पिस्तौल आपके पास अक्तूबर में ही आ जाती तो?”

ऑक्टोबरात आमच्याकडे उन्हाळ्यातल्या फाइली सुरू होत्या. त्या महिन्यात मी घराण्याच्या मापाने बार भरला असता तर तूप टेबलावरच वितळलं असतं.

“तर लवकर सुटला असतास,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली, जणू रस्ता विचारला होता आणि तो कळला. “चलो,” म्हणाला, आणि बसस्टॉपकडे गेला.

आमच्या टेस्टच्या फॉर्मवर पावडरीचं वजन, गोळीचं वजन, अंतर, सगळ्याला रकाने आहेत. सगळ्यात खाली ‘रूम टेंपरेचर’ आहे. वीस वर्षं मी तिथे ‘नॉर्मल’ लिहीत आले. आता आकडा लिहिते, आणि घटनेच्या दिवसाचा आकडा त्याच्या शेजारी.