सैल कॉलर

“गळ्याशी बोटभर जागा ठेवली की गिऱ्हाईक पुन्हा येतं,” मास्तर एकदा म्हणाले होते. शर्ट शिवण्यात जन्म गेला त्यांचा. ते कापायचे, शिवायचे, काज-बटणं बायकोकडे.

मास्तरांच्या मानेत गाठी आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, सांगितला, संथ वाढणारा. बायकोनं ‘संथ’ तेवढं उराशी धरलं. केमो झाली, गाठी विरघळल्या. “सुती कापडसुद्धा इतकं आटत नाही गं,” मास्तर म्हणाले, आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. पुढं काही वर्षांनी गाठी परतल्या. पुन्हा केमो, पुन्हा विरल्या. पण या खेपेचं सुख आखूड निघालं.

त्यांच्या नव्या शर्टाला गळ्याचं बटण लावायला तिनं मापाला त्यांचा जुना शर्ट खाली अंथरला. नवी कॉलर चांगली दोन बोटं बाहेर आली.

“अहो, हा तुमचाच ना?”

“माझाच.”

“एवढा सैल?”

“वय झालं. गळ्याला वारा लागतो.”

तिनं उठून सरळ त्यांच्या कॉलरीत हात घातला. बोटांना गाठी लागल्या. कापणाऱ्या हातानं कापडातच आजार लपवला होता.

“आणि बटणं माझ्याकडूनच लावून घेतलीत!”

“मग? फुकटात दुसरं कोण लावणार?”

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

“औषध वाढणाऱ्या पेशींना जास्त मारतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यातल्या काही निजल्यासारख्या पडून राहतात, त्या वाचतात. वाचलेल्यांतून पुन्हा गाठ उठते, आणि तिच्यावर तेच औषध कमी चालतं. औषध बदलून बघू.”

“बरा होईन?”

“मुळासकट जाणं कठीण. वेळ मिळेल. किती, ते सांगता येत नाही.”

बाहेर केमोच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत खुर्च्यांत माणसं डोळे मिटून बसलेली, प्रत्येकाच्या हातात सुई. मागच्या वेळच्या ओकाऱ्या तिनंच निस्तरल्या होत्या, तरी ती म्हणाली, “वेळ तर वेळ. घ्या ना हो. माझ्यासाठी घ्या. मी एकटी त्या दुकानात काय करू?”

केमोच्या खोलीतून नर्सनं त्यांना हाक मारली.

बायकोनं त्यांची बाही घट्ट धरली होती. मास्तरांनी तिची बोटं एकेक करून, हळुवार सोडवली. त्या दाराकडे पाहिलंही नाही. ते जिना उतरून रस्त्यावर गेले.