मी सुचवलेलं कलम

एका बाईचा संसार मोडायला मी न मागता मदत केली, आणि वर त्याबद्दल चहा प्यायले.

भूमच्या कोर्टासमोर लिंबाखाली माझं टाइपिंगचं टेबल होतं. वय पंचवीस, कलमं तोंडपाठ, आणि वकील नसूनही वकिलापेक्षा जास्त माज. एक जण घटस्फोटाच्या दाव्याचा मसुदा घेऊन आला. 'पटत नाही' यापलीकडे त्यात काही दम नव्हता. बोलता बोलता तो म्हणाला, बायकोच्या अंगावर चट्टा आहे, सरकारी दवाखान्यातून कुष्ठरोगाच्या गोळ्या आणते. मी खुर्चीतून उठलेच. "अहो, मग तेच घाला की! असाध्य कुष्ठरोग. कायद्यात सरळ कारण आहे!" त्याच्या वकिलांनी ते कलम घातलं आणि मला चहा पाजला. 'असाध्य' हा शब्द मीच टाइप केला, कार्बन लावून, चार प्रतींत. त्या बाईला मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढं ती आली ती माझ्याच टेबलापाशी, दाव्याला उत्तर म्हणून द्यायची कैफियत टाइप करून घ्यायला. सोबत डॉक्टरांचा दाखला: रोग पूर्ण बरा. तिला परत नांदायला जायचं होतं, एवढंच. टाइप करता करता माझी बोटं थांबली. बऱ्या होणाऱ्या रोगापायी माणसाला घराबाहेर काढायची मुभा देणारा कायदा, तो कायदा तरी कसा म्हणायचा? तिच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, डावीकडं समास नीट सोडा."

ते कलम आता काढून टाकलंय. कायदा शिकणाऱ्या माझ्या नातीनंच सांगितलं. मी विचारलं, "मग काढायच्या आदल्या दिवशीपर्यंत माझं बरोबर होतं का गं?" ती म्हणाली, "आजी, यावर मोठमोठी माणसं भांडतात." आणि पुस्तक उघडून बसली. ते अजून उघडंच आहे.

त्या बाईचा नवरा दावा हरला. निकालानंतर महिन्याभरानं ती नक्कल न्यायला आली, तेव्हा मी शहाणी लांबूनच ओरडले, "जिंकलात की बाई!" मग जवळ बसवून, कलम मीच सुचवलं होतं हेही एकदाचं सांगून टाकलं. ती रागावली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"जिंकून काय करू? त्यो न्यायला आलाच न्हाय. म्हनतो, कायद्यातच ह्या रोगाचं नाव हाय, म्हंजे भ्यायासारखं काय तरी असंलच. मी वरीसभर गोळ्या खाऊन बरी झाले, बाई. तुमच्या कायद्याला कुठल्या गोळ्या लागत्यात, तेवढं इचारून ठिवा."