कोतो, शाकुहाची आणि अर्धं शटर

दाताच्या डॉक्टरकडे कोणी हसत येत नाही. आमच्या शहाद्यात तर मुळीच नाही. दात दुखला की आधी लवंग, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलवाल्याचा सल्ला, आणि गाल पपईएवढा झाला की मी. त्यात माझ्या मशिनचा तो कुईं आवाज. माझा दवाखाना एसटी स्टँडासमोर आहे. तो आवाज ऐकून बाकावरचे पेशंट उठायचे आणि मिळेल त्या गाडीत जाऊन बसायचे.

पुण्याची एक मैत्रीण म्हणाली, जपानी संगीत लाव, माणसं शांत होतात. मोबाईलवर फुकट मिळतं. तीन-तीन तासांचं, पडद्यावर एक तळं, थोडे बांबू आणि हलायचं नाव न घेणारा एक मासा. मधेच खताची जाहिरात लागते, तेवढं सोसायचं. मी छोटा स्पीकर आणला. झंकारतो तो कोतो, टणटणतो तो शामिसेन, आणि बांबूच्या बासरीला म्हणायचं शाकुहाची, अशी नावंही पाठ करून ठेवली. कोणी विचारलं तर डॉक्टरला माहीत नको?

विचारलं, पण भलतंच.

"कोन गयं वं माय?"

कवळीचं माप द्यायला आलेली म्हातारी होती. तिचंही चूक नाही. एखादा मोठा पुढारी गेला की पूर्वी रेडिओवरची गाणी बंद व्हायची आणि दिवसभर असलंच बिनशब्दांचं, रडवं वाजायचं. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही हो आजी, हे जपानी आहे." तिनं पदर सावरला नि विचारलं, "मंग जपानमा कोन गयं?"

घ्या! रोज चार जणांची तरी समजूत घालायची. डोंगरातल्या मोलगीकडून जीपनं आलेला एक पावरा आदिवासी मात्र खुर्चीवर आडवा पडून नीट कान देऊन ऐकत होता. तो स्वतः बासरी वाजवणारा. दाढ निघाल्यावर रक्त थुंकून म्हणाला, "चांगला वाजवतो. पण नाचायला कोणी आलेलं दिसत नाही." यापेक्षा चांगलं परीक्षण मी अजून ऐकलेलं नाही.

खरा विरोध घरातून होता. आम्ही दवाखान्याच्या वरच राहतो, मी आणि माझे वडील, अप्पा. अप्पा एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हे त्यांना कोणी कळवलेलं नाही. रोज सकाळी सात ते बारा गॅलरीत बसून समोरच्या स्टँडातल्या गाड्यांना उशिराबद्दल झापायचं, हा त्यांचा नेम. माझ्या संगीताला ते "मयताचा बाजा" म्हणायचे. पण कोतो सुरू झाला की जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. एकदा मी पकडलं. म्हणाले, "पिंजण चालू शे असं वाटतं." आणि चटकन आत गेले.

मी चिडवणार होते, पण थांबले. कारण ते पिंजण कोणाचं, हे मला माहीत होतं.

स्टँडामागच्या गल्लीत एका चाचांचं गाद्यांचं दुकान आहे. आता तिथे मशीन आहे, पण आधी चाचा हातानं कापूस पिंजायचे. त्या लांब धनुकलीची तात टुंग-टुंग वाजायची आणि ड्यूटी संपवून अप्पा तिथे जाऊन बसायचे. चाळीस वर्षांची दोस्ती. आई गेल्यावर अप्पांनी तिची गादी चाचांकडे दिली. तिच्या माहेरच्या, ब्राह्मणपुरीच्या शेतातला कापूस होता तिच्यात. "हाच कापूस पिंजीसन भर," असं बजावून दिली. गादी परत आली, अप्पा तिच्यावर आडवे झाले, आणि एका मिनिटात उठून बसले. कापूस नवा होता. ते तसेच दुकानात गेले आणि भर गल्लीत चाचांना कापूसचोर म्हणाले. चाचांनी हातातला कापूस खाली ठेवला. दुकानाचं शटर ओढलं नि घरी गेले. त्यानंतर सहा वर्षं गेली. एका गल्लीचं अंतर, पण सहा वर्षांत एक शब्द नाही. आणि अप्पांचा स्वभाव असा, की गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर महामंडळाला पत्र लिहितील, पण स्वतःची चूक? राम राम म्हणा.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. दवाखाना बंद, म्हणून मी फरशी पुसायला घेतली. स्टँडाची धूळ आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलं आणि सवयीनं शाकुहाची लावली. अप्पा वर केसांना मेंदी लावून बसले होते. हे गुपित आहे. लोकांना ते सांगतात की केस मुळातच तांबूस आहेत. म्हणून मेंदीच्या दिवशी ते गॅलरीत दिसत नाहीत.

आता बाहेरून बघा. गॅलरीतली खुर्ची रिकामी. शटर अर्धं, जे आमच्या बाजारात घरात कोणी गेलं तरच ठेवतात. आणि आतून तो बाजा.

समोरच्या रसवंतीवाल्यानं आदरानं चरकाचे घुंगरू थांबवले. मला वाटलं, लाईट गेली. मग दोन माणसं येऊन टोप्या काढून शटरपाशी उभी राहिली. मी फडकं पिळत म्हटलं, आज बंद आहे, उद्या या. त्यांनी दयेनं माझ्याकडे बघितलं. पोरीला धक्का बसलाय, असं त्यांना वाटलं असणार.

आणि मग शटरखालून वाकून चाचा आत आले.

पायात एकच चप्पल होती. मी तोंड उघडायच्या आत ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि हमसून रडायला लागले. मी म्हणत होते, "चाचा, अहो ऐका तरी," पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. तेवढ्यात वर पायरी वाजली. बघते तर अप्पा! डोक्याला प्लास्टिकची पिशवी, कानावरून मेंदी ओघळतेय, आणि मला बोटानं खूण, गप्प बस. शंभर वर्षं आयुष्य असो, पण हा माणूस स्वतःच्या मयताला चोरून कान लावून उभा होता! मला असा संताप आला की ओलं फडकं फेकून मारावं.

चाचा माझा हात धरून सांगत होते, "बेटी, मी तो कापूस चोरा नही. सडेल व्हता तो. तुन्ही मायनी सगळी बिमारी व्हती त्यामा. माले वाटनं, त्यावर झोपीसन हाऊ मानूसबी जाई. फेकाले मन नही व्हयनं, घरमांगे खड्डा करीसन गाडी दिधा." ते थांबले. नाक पुसलं. "आते हाई कोनले सांगू? ज्याले सांगनं व्हतं, तोच गया."

वरची खूण कधीच खाली गेली होती. अप्पा कठडा धरून एक पायरी खाली उतरले.

"माले म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

चाचांनी वर बघितलं. भुतासारखं ध्यान दिसत होतं, पण ते दचकलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "कव्हय?"

"त्याच दिन. तू शटर ओढं, तव्हयच समजनं, तू चोर नही."

"मंग काबरं बोलना नही?"

अप्पांनी कपाळावर आलेला ओघळ बाहीनं पुसला. सदरा खराब झाला.

"लाज वाटनी," ते म्हणाले.

चाचा पुन्हा रडायला लागले. आणि या खेपेला "अहो, अप्पा जिवंत आहेत," असं सांगून त्यांना गप्प करायचीही सोय नव्हती.